दुर्लक्षित समाजांचे जुने कागद वाचवायला पैसे कुठून येतात?

२ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरोमधल्या ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. संग्रहालय १८१८ साली स्थापन झालेलं, म्हणजे ते ऐन द्विशताब्दीचं वर्ष होतं. जगभरच्या बातम्यांत डायनासोरची हाडं आणि इजिप्तच्या ममी यांच्याबद्दल हळहळ व्यक्त झाली. त्याच आगीत ब्राझीलमधल्या आदिवासी भाषांची टिपणं आणि ध्वनिमुद्रणंही जळाली. त्यातल्या काही भाषा बोलणारं माणूस आज जगात कुठेही नाही.

आगीच्या तीनच महिने आधी, जूनमध्ये, तिथल्या राष्ट्रीय विकास बँकेने संग्रहालयासाठी २ कोटी १७ लाख रेआइस (ब्राझीलचं चलन) मंजूर केले होते. आगीपासून बचावाची व्यवस्था करणं हा त्या कामाचा एक भाग होता. करार झाला, सह्या झाल्या. पैसे हातात पडायच्या आत इमारत गेली.

ज्यांचा इतिहास मोठ्या ग्रंथांत फारसा आला नाही अशा लोकांचे कागद, फोटो आणि आवाज जपायला अनुदान मिळतं. देणाऱ्या संस्था आहेत, अर्ज करायच्या पद्धती आहेत, नियम आहेत. ते सगळं बाहेरून फार किचकट दिसतं, म्हणून इथे सोपं करून सांगते. माझं मुख्य म्हणणं मात्र आधीच मांडते: अनुदान ठरावीक मुदतीचं असतं आणि जपणुकीला मुदत नसते. अर्ज करताना मनात ‘किती मिळतील?’ हा प्रश्न असतोच. ‘हे पैसे संपल्यावर कुणाकडे काय उरेल?’ हा प्रश्न त्याच्या आधी विचारायला हवा.

कागद असतात, पण सापडत नाहीत

कुठल्याही देशाचं सरकारी दफ्तर बघा. जमीन कुणाच्या नावावर, कर कुणी भरला, खटला कुणी लढवला, हुकूम कुणी काढला, हे त्यात असतं. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, ज्यांना खटला भरायचा हक्कच नव्हता, त्यांची नावं तिथे येणार तरी कशी? आलीच तर दुसऱ्याच्या नजरेतून येतात: गुन्हेगार म्हणून, मालमत्ता म्हणून, किंवा ‘इतर’ या रकान्यातला एक आकडा म्हणून.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलाम केलेल्या माणसांची वेगळी यादी होती. तीत मालकाचं नाव असे आणि त्याखाली माणसांचं वय, लिंग, रंग. त्या माणसांची स्वतःची नावं जवळजवळ कुठेच नसत. यादवी युद्ध संपताना, १८६५ मध्ये, ‘फ्रीडमेन्स ब्युरो’ नावाचं सरकारी खातं निघालं आणि ते १८७२ पर्यंत चाललं. मुक्त झालेल्या लोकांची लग्नं, मजुरीचे करार, शाळा, दवाखाने, तक्रारी, सगळ्याच्या नोंदी या खात्याने ठेवल्या. असंख्य कुटुंबांच्या पूर्वजांचं नाव कागदावर पहिल्यांदा आलं ते इथे.

हे कागद हरवलेले नव्हते. राष्ट्रीय अभिलेखागारात ते नीट ठेवलेले होते. पण नावांची सूची नसल्यामुळे आपली पणजी शोधायची तर हजारो पानं एकेक करून उलटावी लागत. २०१५-१६ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या ती पानं वाचली आणि जवळपास १८ लाख नावांची सूची तयार झाली. त्यानंतरच सामान्य माणसाला त्या कागदांपर्यंत पोचता आलं.

हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण ‘जतन’ या एका शब्दात तीन वेगळी कामं आहेत. कागद टिकवणं हे पहिलं, तो कुठे आहे आणि त्यात काय आहे याची नोंद करणं हे दुसरं, आणि ज्याला हवा त्याला तो मिळेल अशी सोय करणं हे तिसरं. अनुदानाचा विचार करणारे बहुतेक जण पहिल्याच कामापाशी थांबतात. स्कॅनरची किंमत काढतात आणि अंदाजपत्रक झालं असं समजतात.

सरकारी दफ्तराबाहेर दुसराही साठा असतो, आणि माझ्या मते तो जास्त मोलाचा आणि जास्त धोक्यात असलेला आहे. संघटनेची इतिवृत्तं, वर्गणीच्या वह्या, हस्तपत्रकं, सभांचे फोटो, परदेशी गेलेल्यांची पत्रं, कॅसेटवर घेतलेल्या मुलाखती. हे सगळं कुणाच्या तरी ट्रंकेत, माळ्यावर, कार्यालयाच्या मागच्या खोलीत पडलेलं असतं. ते सांभाळणारा माणूस गेला, की पुढच्या पिढीला घर रिकामं करायची घाई असते.

अभिलेखशास्त्राच्या अभ्यासक मिशेल कॅसवेल यांनी या अवस्थेला माध्यमांच्या अभ्यासातला एक शब्द वापरला आहे. त्याचं मराठी ‘प्रतीकात्मक उच्छेद’ असं करता येईल. आपल्यासारखं कुणी इतिहासात नव्हतंच, असं दफ्तर चाळताना वाटू लागणं, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांच्या इतिहासासाठी ‘साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह’ ही संस्था २००८ मध्ये सुरू झाली, आणि कॅसवेल तिच्या संस्थापकांपैकी एक आहेत. ही संस्था मूळ कागद स्वतःकडे ठेवत नाही. कुटुंबाकडून ते घेते, स्कॅन करते आणि परत देते. 

खर्च नेमका कशावर होतो

एक कल्पित साठा धरू: २०,००० सुटी पानं आणि एकेक तासाच्या २०० कॅसेट. एखाद्या मध्यम आकाराच्या संघटनेकडे इतकं सहज निघतं.

ए-फोर आकाराचं पान दर इंचाला ४०० ठिपके या घनतेने, रंगीत, कसलंही आकुंचन न करता स्कॅन केलं, तर त्याची टिफ फाइल साधारण ४६ मेगाबाइटची होते. २०,००० पानांना गुणलं की ९०० गिगाबाइटच्या वर जातं. जपणुकीच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक वेगळ्या गावी, म्हणजे पावणेतीन टेराबाइट जागा लागली. हार्ड डिस्क आज फार महाग नाहीत. पण त्या पाच-सात वर्षांनी बदलाव्या लागतात, आणि मधल्या काळात फाइली शाबूत आहेत का हे कुणीतरी तपासत राहावं लागतं. हा खर्च दर वर्षी येत राहतो, आणि अनुदान तर दोन वर्षांत संपलेलं असतं.

कॅसेटचं गणित वेगळं आहे. स्कॅनर भराभर चालतो, कॅसेट मात्र तिच्या वेगानेच वाजते. २०० तासांचं ध्वनिमुद्रण उतरवायला निदान २०० तास एक माणूस यंत्रापाशी बसायला हवा. त्यात फीत साफ करणं, अडकलेली फीत सोडवणं, पुन्हा वाजवणं धरलं तर वेळ दुप्पट. शिवाय चांगल्या स्थितीतलं कॅसेट वाजवायचं यंत्र मिळवणं आणि ते दुरुस्त करू शकणारा माणूस शोधणं हीसुद्धा आता मोठी अडचण आहे. २०१९ मध्ये युनेस्कोच्या माहिती कार्यक्रमाने चुंबकीय फितींबद्दल जगाला इशारा दिला, तो याच कारणासाठी: यंत्रं आणि सुटे भाग संपत आले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी अभिलेखागाराने तर २०२५ हीच शेवटची मुदत धरली होती. ते वर्षही आता मागे पडलं. म्हणून कागद आणि फिती दोन्ही असतील, तर अर्जात फितींचं काम आधी धरा. बरा कागद कोरड्या जागी आणखी ५० वर्षं काढेल. फितीला तेवढी सवड नाही. जुन्या फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर तीही खराब व्हायला लागली आहे असं समजा.

आणि सगळ्यात मोठा खर्च माणसांचा. पान स्कॅन करायला मिनिटभर पुरत असेल, पण त्यावर काय आहे, कुणी लिहिलं, कधी, कुठल्या संदर्भात, हे नोंदवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. या वर्णनाच्या माहितीला ‘मेटाडेटा’ म्हणतात. ती नसेल तर २०,००० फाइलींची नावं ‘स्कॅन ०००१’पासून सुरू होतात आणि दहा वर्षांनी त्यांचा उपयोग जवळपास शून्य असतो. फ्रीडमेन्स ब्युरोचे कागद ज्या अंधारात पडून होते, तोच अंधार नव्या यंत्रात.

नोंदणीचं काम समाजातल्याच माणसांनी करावं. बाहेरचा तज्ज्ञ फोटोखाली ‘मोर्चा, अनोळखी स्त्रिया’ असं लिहील. त्या मोर्चात चाललेली बाई प्रत्येकीचं नाव सांगेल, आणि कुणाच्या कडेवरचं मूल कोण हेही सांगेल. तिच्या या कामाला मोबदला द्यायला हवा, आणि तो अंदाजपत्रकात स्पष्ट लिहायला हवा. ‘स्वयंसेवक करतील’ असं लिहून खर्च कमी दाखवायचा मोह फार जणांना होतो. असे प्रकल्प अर्ध्यावर थांबतात, कारण स्वयंसेवकांनाही घरसंसार असतो.

पैसे देणारे

या क्षेत्रात सर्वाधिक परिचित नाव म्हणजे ब्रिटिश लायब्ररीचा ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’, अर्थात धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीचा कार्यक्रम. तो २००४ पासून चालू आहे. पैसा ‘आर्केडिया’ या धर्मादाय निधीचा आहे. जगातल्या ९० हून अधिक देशांत त्यातून प्रकल्प झाले आहेत. त्याचे दोन नियम मला विशेष महत्त्वाचे वाटतात. मूळ दस्तऐवज देशाबाहेर न्यायचे नाहीत, हा पहिला. आणि डिजिटल प्रतींचा एक संच स्थानिक संस्थेतही राहिला पाहिजे, हा दुसरा. गेल्या दोनशे वर्षांत अभ्यासाच्या नावाखाली कितीतरी हस्तलिखितं आपल्या मुलखातून उचलून दूरच्या राजधान्यांत नेली गेली. ते पुन्हा होऊ नये म्हणून हे नियम आहेत. हा कार्यक्रम मुख्यतः आधुनिक काळाच्या आधीच्या साहित्यासाठी आहे.

विसाव्या आणि एकविसाव्या शतकातल्या साहित्यासाठी त्याच आर्केडियाच्या पैशातून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या ग्रंथालयाने २०१८ मध्ये वेगळा कार्यक्रम काढला. हस्तपत्रकं, वर्तमानपत्रं, छायाचित्रकारांच्या निगेटिव्ह, ध्वनिफिती असं साहित्य असेल, तर हा दरवाजा जास्त जवळचा.

अमेरिकेतल्या संस्थांसाठी ‘कौन्सिल ऑन लायब्ररी अँड इन्फॉर्मेशन रिसोर्सेस’ मेलन फाउंडेशन या खासगी धर्मादाय संस्थेच्या पैशातून अनुदानं देते. दडून राहिलेल्या संग्रहांच्या डिजिटायझेशनसाठी तिची स्पर्धा २०१५ मध्ये सुरू झाली. २०२१ मध्ये तिचा रोख बदलला आणि आजवर ज्यांचं ऐकलं गेलं नाही त्यांचे आवाज, असा विषयच ठरवला गेला. ध्वनी आणि चित्रफितींसाठी तिची वेगळी, लहान रकमांची योजना आहे. सरकारी बाजूला राष्ट्रीय अभिलेखागाराशी जोडलेला ऐतिहासिक प्रकाशनं आणि दस्तऐवजांचा राष्ट्रीय आयोग आहे. तो १९३४ चा, अनुदानं देऊ लागला १९६४ पासून. ब्रिटनमध्ये ‘आर्काइव्ह्ज रिव्हील्ड’ ही योजना सूचीकरणाच्या कामाला पैसे देते. हे काम छायाचित्रांसारखं डोळ्यांत भरणारं नसल्याने त्याला देणगीदार क्वचितच मिळतात. कॅनडात राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागाराने मूलनिवासी भाषांच्या ध्वनिमुद्रणांसाठी खास योजना काढली.

प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. कुणी फक्त आपल्या देशातल्या संस्थांना देतं, कुणी कुठल्याही देशातल्या. कुणाला १९०० च्या आधीचं हवं, कुणाला नंतरचं. अर्ज लिहायला बसण्याआधी गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाकुणाला अनुदान मिळालं ती यादी वाचा. बहुतेक संस्था ती जाहीर करतात. नियमावलीपेक्षा त्या यादीतून जास्त कळतं.

अर्ज वाचणारा काय शोधतो

अर्ज वाचणाऱ्यांपुढे डझनावारी प्रस्ताव असतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना तुमच्या समाजाबद्दल काहीच माहिती नसते. त्यामुळे ‘हा अत्यंत मौल्यवान ठेवा आहे’ या वाक्याचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. ते प्रत्येक अर्जात लिहिलेलं असतं. त्याऐवजी ठोस सांगा: १९५८ ते १९७४ ची सतरा इतिवृत्तं, त्यात संपाच्या काळातल्या रोजच्या नोंदी, अशा नोंदी अन्यत्र कुठेही नाहीत. (आकडे उदाहरणादाखल. तुमच्या वह्या मोजा आणि तुमचे लिहा.)

धोका दाखवताना फोटो जोडा. वाळवी लागलेली कड, ओल आलेली भिंत, फितीवरची बुरशी. ब्रिटिश लायब्ररीच्या कार्यक्रमात अर्ज दोन टप्प्यांत होतो: आधी थोडक्यात, आणि तो पसंत पडला तर सविस्तर. त्यामुळे पहिल्याच टप्प्यात वस्तू किती, कुठे आणि कुठल्या अवस्थेत आहेत हे नेमकं सांगता आलं पाहिजे.

ते सांगता येत नसेल तर मोठ्या रकमेच्या मागे लागू नका. बऱ्याच कार्यक्रमांत प्राथमिक पाहणीसाठी छोटं अनुदान असतं. लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात त्याला नियोजन अनुदान म्हणतात. त्या पैशात साठे शोधायचे, मोजायचे, मालकांशी बोलायचं, थोडं नमुन्यादाखल स्कॅन करून बघायचं. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांना मी नेहमी हाच रस्ता सुचवेन. लहान काम वेळेत पुरं केल्याचा दाखला हातात असला की मोठ्या अर्जाला वजन येतं.

मग येतात परवानग्या. कागद ज्याच्याकडे आहे तो मालक असतोच असं नाही, आणि मालक असला तरी त्यातल्या मजकुराचा हक्क त्याच्याकडे असतोच असं नाही. तुमच्याकडे आलेलं पत्र तुमच्या मालकीचं, पण त्यातल्या शब्दांचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा. मुलाखत देणाऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी ‘अभ्यासासाठी घ्या’ म्हटलं होतं. ती मुलाखत जगभर कुणालाही ऐकता येईल अशी ठेवायला त्याची मान्यता होती का? ही परवानगीपत्रं आधी गोळा करावी लागतात. त्याला महिने जातात, आणि अर्जाची मुदत कुणासाठी थांबत नाही.

अंदाजपत्रकातले काही खड्डे सांगते. अनेक संस्था वीज, भाडं, हिशेबनिसाचा पगार असा आस्थापना खर्च देत नाहीत. तो तुमच्या खिशातून जाणार. काही संस्था एकूण खर्चातला ठरावीक वाटा अर्जदाराने उचलावा असं सांगतात. काही जण आधी खर्च करा, मग पावत्या दाखवून घ्या, असं म्हणतात. ज्या संघटनेच्या खात्यात शिल्लकच नाही तिने आधी खर्च कुठून करायचा? परकीय चलनातलं अनुदान असेल तर दर बदलतात, आणि परदेशी निधी घ्यायला काही देशांत सरकारची वेगळी परवानगी लागते. हे सगळं आधी विचारून घ्या. कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. उत्तरं देणं हे त्यांचं कामच असतं.

इथे मला या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा दोष दिसतो. अर्ज लिहायला सवड, इंग्रजी, हिशेबनीस आणि लेखापरीक्षण झालेले ताळेबंद लागतात. ज्यांचे कागद सर्वाधिक धोक्यात, त्यांच्याकडेच यातलं काही नसतं. मग मोठं विद्यापीठ अर्ज करतं, पैसे विद्यापीठाच्या खात्यात येतात आणि समाजाचं नाव ‘सहयोगी’ म्हणून खालच्या ओळीत राहतं. अशी भागीदारी वाईटच असते असं मी म्हणणार नाही, पुष्कळदा तीच एक वाट असते. मात्र मूळ कागद कुणाकडे राहणार, प्रती कुणाकुणाला मिळणार, विकत घेतलेला स्कॅनर नंतर कुणाचा, माहिती जाहीर करण्याचा शेवटचा निर्णय कुणाचा, हे चार मुद्दे करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

सगळंच सगळ्यांना दाखवायचं का?

अनुदान देणाऱ्यांना साधारणपणे खुला प्रवेश हवा असतो: आमच्या पैशातून झालेलं काम कुणालाही मोफत पाहता आलं पाहिजे. हेतू चांगला आहे. पण काही दस्तऐवज असे असतात की ते जाहीर होणं हाच त्यातल्या माणसांवर नवा अन्याय ठरतो.

कॅनडात मूलनिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडून निवासी शाळांमध्ये ठेवलं जाई. तिथे झालेल्या अत्याचारांच्या भरपाईसाठी नंतर एक गोपनीय प्रक्रिया ठेवली गेली आणि सुमारे ३८,००० जणांनी तिच्यापुढे दावे मांडले. या साक्षींचं काय करायचं? इतिहासासाठी त्या अमूल्य होत्या. देणाऱ्यांनी मात्र त्या गुप्त राहतील या शब्दावर दिल्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१७ मध्ये निकाल लागला: १५ वर्षांची मुदत, त्या मुदतीत साक्ष देणाऱ्याने ‘माझी साक्ष जपा’ असं सांगितलं तर ती जपायची, नाहीतर नष्ट करायची. इतिहासाची आवड असलेल्या कुणालाही हा निकाल वाचून चटका लागेल. मलाही लागला. तरी निकाल बरोबर आहे असंच मला वाटतं. ज्या माणसाचं बालपण त्याला न विचारता हिरावून घेतलं, त्याची साक्षही त्याला न विचारता कशी ठेवून घ्यायची?

ऑस्ट्रेलियात याच प्रश्नाला वेगळं उत्तर शोधलं गेलं. तिथल्या वारुमुंगू या मूलनिवासी लोकांबरोबर किम क्रिस्टन या अभ्यासक बाईंनी ‘मुकुर्तू’ नावाची संगणक प्रणाली उभी केली. वारुमुंगू भाषेत मुकुर्तू म्हणजे मोलाच्या पवित्र वस्तू ठेवायची पिशवी. त्यातली वस्तू पाहायची तर ज्येष्ठांची परवानगी घ्यायची. प्रणालीही तशीच चालते. कुठला फोटो फक्त स्त्रियांनी पाहायचा, कुठला फक्त त्या कुटुंबाने, वारलेल्या माणसाचा फोटो कुणाला दाखवायचा, हे समाज ठरवतो आणि प्रणाली ते पाळते. ती फुकट मिळते आणि आज अनेक देशांतले मूलनिवासी समाज ती वापरतात.

म्हणून अर्जात ‘सर्व साहित्य सर्वांसाठी खुलं’ असं बिनधास्त लिहून देऊ नका. काय खुलं, काय मर्यादित आणि का, हे लिहा. जाणत्या देणगीदाराला हे पटतं. ज्याला पटत नाही त्याचे पैसे न घेतलेले बरे.

पैसे आटतात तेव्हा

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मानव्यविद्या निधीने (इतिहास, साहित्य अशा विषयांना पैसे देणाऱ्या) हजाराहून अधिक मंजूर अनुदानं एकाएकी रद्द केली. काम अर्धं झालेले प्रकल्प होते, नेमलेली माणसं होती. त्याच महिन्यात मेलन फाउंडेशनने राज्यांच्या मानव्यविद्या परिषदांना दीड कोटी डॉलरची तातडीची मदत जाहीर केली. त्याने काहींना श्वास घेता आला, खड्डा भरला नाही.

त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा महिनोन् महिने विस्कळीत राहिल्या. जगभरातून गोळा केलेल्या डिजिटल प्रतीही त्यामुळे वाचकांच्या आवाक्याबाहेर गेल्या. प्रतींचा एक संच स्थानिक संस्थेत हवाच, हा नियम किती दूरदृष्टीचा होता हे अशा वेळी समजतं.

बाहेरच्या पैशावर विसंबायचंच नाही, असं ठरवून उभी राहिलेली संस्थाही आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली सुरू झालेल्या ‘लेस्बियन हरस्टोरी आर्काइव्ह्ज’ने निधी आपल्या समाजातूनच उभा करायचा हे तत्त्व पहिल्यापासून ठेवलं. ब्रुकलिनमधलं त्यांचं घर छोट्या छोट्या देणग्यांतून विकत घेतलेलं आहे. पन्नास वर्षं झाली, दार उघडं आहे. हे सगळ्यांना जमणार नाही. ज्या समाजाकडे रोजची चूल पेटवायला पैसे नाहीत त्याला हा सल्ला देणं बरोबरही नाही. तरी वार्षिक वर्गणीतून हार्ड डिस्क आणि तपासणीचा खर्च निघेल एवढी तजवीज जवळपास कुणालाही करता येते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा प्रसंग २०१९ चा. कृष्णवर्णीय अमेरिकेचं जगणं टिपणाऱ्या ‘एबनी’ आणि ‘जेट’ या नियतकालिकांची मूळ प्रकाशन कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचा ४० लाखांहून अधिक छायाचित्रांचा आणि निगेटिव्हचा संग्रह लिलावात निघाला. फोर्ड, मेलन, मॅकआर्थर आणि गेटी या चार बड्या निधींनी मिळून तो ३ कोटी डॉलरला घेतला आणि सार्वजनिक संस्थांच्या हवाली केला. आनंदाची गोष्ट. पण असा बचाव अशाच संग्रहाच्या वाट्याला येतो ज्याचं नाव आधीच सगळ्यांना माहीत असतं. माळ्यावरच्या ट्रंकेचा लिलाव होत नाही. ती रद्दीत जाते.

त्या ट्रंकेसाठी अनुदानाची वाट न बघता करता येण्यासारखं काम बरंच आहे. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्या आणि वहीत लिहा: काय आहे, साधारण कुठल्या वर्षांचं, कुणाकडून आलं, किल्ली कुणाकडे. जमिनीवरचे खोके फळीवर ठेवा, कारण पाणी खालून येतं. गंजलेल्या टाचण्या आणि रबर काढून टाका. चिकटपट्टी कशालाही लावू नका. एवढी यादी झाली की अर्जातला सगळ्यात अवघड भाग निम्मा झालेला असतो, आणि अर्ज नाकारला गेला तरी ती पुढच्या वर्षी तशीच कामाला येते. नाकारला गेलाच, तर परीक्षकांचे शेरे मागून घ्या. पुष्कळ संस्था ते देतात.

आणि फोटोंचा अल्बम घेऊन समाजातल्या वयस्क माणसांजवळ बसा. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा, फोटोचा क्रमांक मोठ्याने म्हणा आणि त्यांना सांगू द्या: ही कोण, हा कोण, हे कुठलं गाव, त्या दिवशी काय झालं होतं. कागद स्कॅन करायला पुढच्या वर्षीही पैसे मिळू शकतील. त्या चेहऱ्यांची नावं ज्यांना ठाऊक आहेत, त्या माणसांकडे आधी जा.